एका शब्दाची दुरुस्ती

जे सांगणार आहे ते आमच्या मुलीला, सईला, थोडंसं ठाऊक आहे, माझ्या बायकोला अजिबात नाही, आणि पूर्ण फक्त मला. आजवर कुणापुढे बोललो नाही. एकदा गाडीत एकटा असताना मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं — तेही अर्ध्यावर सोडलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाहीये. तरी सांगतो.

आधी वृषालीबद्दल. ती माझी बायको. आम्ही अबूधाबीत अल रीम आयलंडवर राहतो, मी एका कन्सल्टन्सीत प्लॅनिंगचं काम बघतो, सई आमची मुलगी, युनिव्हर्सिटीत शिकते. वृषाली इथल्या एका इंडियन स्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवायची. खणखणीत आवाज, थेट शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पण शेवटच्या बाकावरून आलेली शंका तिच्यापर्यंत पोचेनाशी झाली. पस्तिशीनंतर तिचे कान हळूहळू जातच राहिले. तिच्या आत्याचंही असंच झालं होतं. आधी लहान मशीन लावलं, मग ताकदीचं. शेवटी शेवटी मशीन नुसता गोंगाट आत सोडायचं. "कुणीतरी बोलतंय एवढं कळतं," ती म्हणायची, "काय बोलतंय ते नाही."

नोकरी सोडली. ओठ वाचायला शिकली. मराठी ओठ तिला बरे जमायचे, पण सई प्रत्येक गोष्टीला इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि तेही मान खाली घालून, फोनकडे बघत. मग मास्कचे दिवस आले. सगळ्या शहराचे ओठ झाकले गेले. सुपरमार्केटच्या काउंटरवर माझ्या शर्टाची बाही धरून उभी राहणारी वृषाली मला आजही दिसते — वर्गात उभी राहिली की चाळीस पोरं गप्प व्हायची, ती हीच बाई.

लोक माझं कौतुक करायचे. "मिलिंद किती करतो तिचं!" करत होतोच मी. फोन मी घ्यायचो, डॉक्टरांशी मी बोलायचो, बिल्डिंगच्या वॉचमनपासून बँकेपर्यंत तिचे कान मीच होतो. पण दिवसभर दुसऱ्याचे कान होऊन राहिलेला माणूस मनात काय बोलत असतो? तुम्ही म्हणाल, मनात कुणीही काहीही बोलतो. खरंय. फक्त मला ते मनात ठेवायची गरज उरली नव्हती.

एका संध्याकाळी तिनं मला तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली आणि उत्तर मिळाल्यावर सिंककडे वळून भांडी विसळायला लागली. मी तिच्या पाठीमागे उभा होतो. मी एक शिवी दिली. पुटपुटलो नाही — नेहमीच्या आवाजात दिली. ती भांडी विसळत राहिली. काहीच झालं नाही. कळतंय का तुम्हाला? काहीच झालं नाही! आणि मला किती हलकं वाटलं.

मग सवय लागली. सिगरेटची लागते तशीच. गाडीत, ती खिडकीबाहेर खाडीचं पाणी बघत असताना. लिफ्टमध्ये, आरशात हसरा चेहरा ठेवून. ती पाठमोरी असली की माझी जीभ सुटायची. एक वाक्य तर ठरूनच गेलं होतं — वैताग आला की तेच यायचं. ते मी सांगणार आहे. थोडं थांबा.

सईनं एकदा ऐकलं. पॅसेजमध्ये उभी होती, मला माहीत नव्हतं. "दॅट्स नॉट ओके, बाबा," ती म्हणाली. ऑफिसचा स्ट्रेस वगैरे काहीतरी मी बोललो. ती म्हणाली, "शी कान्ट हिअर यू. दॅट मेक्स इट वर्स." आणि तिनं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. आईला तिनं काही सांगितलं नाही. मलाही पुन्हा काही म्हणाली नाही.

कॉक्लिअर इम्प्लांटचं वृषालीनं स्वतः शोधून काढलं. स्वतः ईमेल केले, स्वतः अपॉइंटमेंट घेतली, तपासण्यांना गेली. मला मग सांगितलं — विचारलं नाही, सांगितलं. कानामागे छोटी चीर देऊन आत एक बारीक तार बसवायची, बाहेर केसांखाली चुंबकानं चिकटणारी चकती आणि कानावर एक प्रोसेसर. मला काय वाटलं तेव्हा? आनंद झाला. खरंच झाला. आणि त्या आनंदाच्या खाली, त्याच क्षणी, दुसरा विचार आला — आता जपून बोलावं लागेल.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरेपर्यंत काही आठवडे थांबायचं होतं, मग मशीन चालू करायचं. तिथली ऑडिऑलॉजिस्ट शीजा, त्रिशूरची. आमच्याशी हिंदीत बोलायची, तेही वृषालीकडे तोंड करून, सावकाश. तिनं आधीच बजावलं होतं, "कान के अंदर के बारीक बाल गए, लेकिन नस ज़िंदा है. मशीन सिर्फ इशारा देगी. सुनना दिमाग को सीखना पड़ेगा. किसी का जल्दी होता है, किसी का देर से."

मशीन चालू झालं आणि वृषाली दचकून खुर्चीला टेकली. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा आवाज, असं तिनं नंतर सांगितलं. शीजानं मला खूण केली, बोला. मी म्हणालो, "वृषाली, ऐकू येतंय?" तिनं माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं आणि हसायलाच लागली. "तू उंदरासारखा बोलतोयस!" बाईचा आवाज कुठला, पुरुषाचा कुठला, तेही कळत नव्हतं. घरी येताना तिनं ते काढून पर्समध्ये टाकलं. "हे ऐकणं नाही रे," ती म्हणाली. "हा नुसता त्रास आहे."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी लावून बसली.

पुढचे महिने मी जे पाहिलं ते कसं सांगू? मी इंजिनिअर माणूस, यंत्रांचं मला फारसं अप्रूप वाटत नाही. पण विचार करा — जिथं हजारो बारीक केस काम करत होते तिथं एक तार, तिच्यावर मोजकेच बिंदू. पेटीवर पंजे आपटून वाजवलेलं गाणं ओळखायला सांगावं, तसं. एवढ्याशा मालावर माणसाचं बोलणं उभं करायचं! आणि ते ती उभं करत होती. माझ्या डोळ्यांसमोर, डायनिंग टेबलाशी बसून.

आधी नुसते आवाज. "हा घूं घूं कसला?" एसी. "आणि हे चटक चटक?" तुझ्याच चपला, वृषाली. घरात इतके आवाज असतात हे ती विसरली होती. मलाही कुठं माहीत होतं? तिच्यामुळे मी फ्रिज ऐकला. बिल्डिंगमागच्या मशिदीतली अझान तिला सुरुवातीला भुंग्यासारखी वाटायची. एका संध्याकाळी ती बाल्कनीतून धावत आत आली — "मिलिंद, ती खाली-वर होतेय! त्याला चाल आहे!" मी तिच्याबरोबर बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. गाडीच्या हॉर्नमध्ये, समोरच्या कन्स्ट्रक्शनच्या ठोकाठोकीत ती त्या आवाजाचा पाठलाग करत होती. माझ्या अंगावर काटा आला होता.

मग शब्द. तिच्याकडे इंग्लिश आणि हिंदीची ॲपं होती, पण मराठीसाठी मीच होतो. ओठ दिसता कामा नयेत आणि तोंडावर हातही धरायचा नाही, आवाज दबतो — म्हणून तिनं भरतकामाच्या रिंगमध्ये पातळ मलमल ताणून बसवली. ती तोंडासमोर धरून मी बोलायचो. काळ, गाळ. पान, बाण. घर, गार. ती डोळे मिटून ऐकायची आणि ऐकलेलं मोठ्यानं परत म्हणायची, शीजानं तसंच सांगितलं होतं. चुकलं की कपाळावर आठी, बरोबर आलं की टेबलावर थाप. केमिस्ट्रीच्या बाईच त्या. चुका कुठं होतात, कशामुळे होतात, सगळं शोधून काढायच्या. शब्दांवरून छोट्या वाक्यांवर आलो. एक दिवस तिनं पडद्याआडून माझं अख्खं वाक्य उचललं आणि मी रिंग खाली ठेवली. माझी बायको परत येत होती, आणि तिला आणणारी तीच होती.

त्या दिवसांत मी जपून होतो. पाठीमागचं बोलणं जवळजवळ बंद केलं होतं. जवळजवळ.

आता येतो तिथे.

शनिवार होता. शिरा लागला होता, मी सिंकपाशी कढई घासत होतो. वृषाली माझ्याकडे पाठ करून टेबलाशी मेथी निवडत होती. तिला नंतर पुन्हा वाक्यं घ्यायची होती, मला क्रिकेट बघायचं होतं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी. नळ बंद होता, एसीसुद्धा बंद होता, घर अगदी शांत. आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं — वर्षानुवर्षं तिच्या पाठीला ऐकवलेलं, घासून गुळगुळीत झालेलं:

"हिच्या जागी दुसरी कुणीही चालली असती."

मेथी निवडणारे हात थांबले.

ती वळली. तिचा चेहरा — मी तिला लग्नात पाहिलंय, सई झाली तेव्हा पाहिलंय. असा चेहरा नव्हता पाहिला. "थांब, थांब! सांगू नकोस," ती म्हणाली. डोळे मिटले. एकेक शब्द तिनं हळूच उचलून पुढे ठेवला, "हिच्या जागी... दुसरी... कुणीही... चालली असती." डोळे उघडले. "बरोबर? मिलिंद! न बघता! तू तिकडे, मी इकडे! पूर्ण वाक्य!"

ती उभी राहून अक्षरशः टाळ्या वाजवत होती.

शिकवलेलं सगळं तिनं बरोबर केलं होतं. आधी आवाज, मग शब्द, मग वाक्य. अर्थ सगळ्यांत शेवटी पोचतो. तो पोचताना मी पाहिला. टाळ्या हळू झाल्या. "हिच्या म्हणजे?" तिनं विचारलं. अजून हसतच होती, अर्धवट. "कुणाच्या?"

किती वेळ होता मला? एक श्वास. त्या एका श्वासात माझ्या डोक्यानं जे केलं त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं — घाण वाटावी असं आश्चर्य. मी हातातली कढई वर केली.

"हिच्या गं! बूड जळलंय बघ. म्हटलं, हिच्या जागी दुसरी कुठलीही चालली असती. कुठलीही. 'कुणीही' काय, कढईला कुणी 'कुणीही' म्हणतं का?"

तिनं कढईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि सुटल्यासारखी हसली — स्वतःला. "कुठलीही. अच्छा! एका शब्दानं चुकले." मग म्हणाली, "पण केवढा फरक पडतो रे एका शब्दानं."

तुम्हाला वाटेल, ते वाक्य हाच माझा गुन्हा. नाही. म्हणजे हाही आहे. पण वाक्य रागाचं होतं, राग कुणालाही येतो — अशी पळवाट मी स्वतःला कित्येकदा दिलीय. कढईला पळवाट नाही. ती मी शुद्धीवर असताना वर केली.

आणि वृषालीनं ती चूक सोडली नाही. चूक सोडणारी बाईच नव्हे ती. त्याच संध्याकाळी मलमलीची रिंग माझ्या हातात दिली. "म्हण. कुणीही, कुठलीही. उलटसुलट." मी म्हटलं. त्या पडद्याआड बसून मी ते शब्द पुन्हापुन्हा म्हणत राहिलो आणि ती प्रत्येक वेळी बरोबर सांगत राहिली. कुणीही. कुठलीही. कुणीही. एकदाही चुकली नाही. "मग तेव्हा कसं चुकलं?" ती चिडून म्हणायची. "मला तर इतकं स्वच्छ ऐकू आलं होतं! जे इतकं स्वच्छ येतं तेच जर चुकीचं असेल, तर बाकीच्याचं काय?"

मी काय म्हणालो? "होतं गं असं. इन्शाल्ला होईल नीट." इन्शाल्ला! देवाचं नाव घेतलं.

पुढच्या अपॉइंटमेंटला तिनं शीजाला हे सांगितलं. शीजानं तिला साउंडप्रूफ बूथमध्ये बसवलं, स्पीकरवर वाक्यं लावली. काचेबाहेर मी बसलो होतो. अनोळखी माणसांच्या आवाजातली वाक्यं, ओठ नाहीत, चेहरा नाही — आणि आतून वृषाली एकामागून एक ती परत म्हणत होती. शीजानं स्क्रीनवरून मान वर केली. डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं होतं तिच्या, आणि हे काम ती रोज करते. वृषाली बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, आप बिलकुल सही सुन रही हैं. गलत क्या सुना था?"

वृषालीनं कढईचा किस्सा सांगितला. हिंदीत, विनोद करून, स्वतःलाच हसत. शीजाही हसली. मग माझ्याकडे वळून तिनं अगदी सहज विचारलं, "सर, आपने असल में क्या बोला था?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. दोघी माझ्याकडे बघत होत्या. इतक्या सरळ शब्दांत मला पुन्हा कधी कुणी विचारलेलं नाही.

"कढाई के बारे में," मी म्हणालो.

वृषालीच्या आग्रहाखातर शीजानं मशीनच्या सेटिंगमध्ये थोडा बदल करून पाहिला. तो तिला सोसला नाही. भांडी वाजली की टाचणी टोचल्यासारखं व्हायचं, डोकं धरून बसायची. शेवटी घरात ती प्रोसेसर काढूनच ठेवू लागली. रिंग कपाटात गेली. सई म्हणाली, "ममा, यू वेअर डुइंग सो वेल! व्हॉट हॅपन्ड?" तर वृषाली म्हणाली, "मला वाटतं तसं नाहीये ते बाळा. न ऐकलेलं मी मनानं भरते बहुतेक." मी समोर बसून जेवत होतो. सईनं माझ्याकडे पाहिलं. कढईचं तिला काही माहीत नव्हतं, तरी पाहिलं.

म्हणजे बघा — डॉक्टरांनी तार बसवली, शीजानं ती जुळवली, तिच्या मेंदूनं त्या टिकटिकीतून माणसाची भाषा शोधून काढली, आणि हे सगळं खरं आहे यावरचा तिचा विश्वास मी एका शब्दाची दुरुस्ती करून काढून घेतला. आणि काढून घेतल्यावर गप्प बसलो.

ती पुन्हा उभी राहिली, त्यात माझा काही हात नाही. शीजानं जुनं सेटिंग परत लावलं आणि तिला जवळजवळ दटावलं. सई रोज तिच्याजवळ बसू लागली — मोडक्या मराठीत वाक्यं वाचायची, 'ळ'ची वाट लावायची, आणि वृषाली ते दुरुस्त करायची. ऐकून! मग एक दिवस कोल्हापूरहून तिच्या भावाचा फोन आला. नेहमीसारखा मी उचलायला गेलो, तिनं हात पुढे केला. फोन प्रोसेसरला जोडून ती खिडकीपाशी गेली. "दादा, बोल." मी तिथंच उभा. ती ऐकत होती. "काय सांगतोस! कधी?" पुन्हा ऐकलं. "नाही नाही, वहिनीला म्हणावं घाई करू नको." किती साधं बोलणं! चेहरा नाही, ओठ नाहीत, समुद्रापलीकडचा माणूस, आणि ती त्याच्याशी वहिनीच्या गुडघ्यांबद्दल बोलत होती. पलीकडे दादा रडायला लागला हेही तिला ऐकू आलं. "रडतोस काय वेड्या," ती म्हणाली. मला तिथं उभं राहवेना. मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो.

आज ती सगळीकडे जाते. गोंगाटात अजून अडखळते, गाणी अजून तिला बेसूर लागतात, पण समोरासमोर बोलणाऱ्याला कळतही नाही. फक्त एक गोष्ट राहिलीय, आणि ती माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. कुणी टोचून बोललं की ती आधी स्वतःच्या कानावर शंका घेते.

गेल्या महिन्यात मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. एक बाई दुसरीला म्हणाली, "तिच्याशी बोलायचं म्हणजे मशीनशीच बोलल्यासारखं वाटतं बाई." वृषाली त्यांच्या मागेच होती. परत येताना, पुलावर, तिनं मला ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग म्हणाली, "मी चुकीचं ऐकलं असेन ना?"

मीही ऐकलं होतं ते वाक्य.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर ऐकलंस. ती तसंच म्हणाली."

ती माझ्याकडे वळली आणि बघत राहिली — माझ्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे. समोरच्याचं बोलणं अजून संपलेलं नाही असं वाटलं की ती अशी थांबते. तिनं बराच वेळ वाट पाहिली. मी गाडी चालवत राहिलो.

त्या शनिवारी मी कढईबद्दल बोलत नव्हतो. मी 'कुणीही' म्हणालो होतो. तिच्याबद्दल म्हणालो होतो. वृषालीनं शब्दन् शब्द बरोबर ऐकलं होतं.